मदत हवी आहे: विम्बल्डनच्या ड्रॉमध्ये ब्रिटिश मुलींना कुठवर न्यायचं?

रीडिंगकर_मावशी

नमस्कार मंडळी. टेनिस नेमाने बघणाऱ्यांसाठी धागा काढतेय, बाकीच्यांनीही हात धुऊन घ्यायला हरकत नाही.

आम्ही इंग्लंडात रीडिंगला राहतो. आमच्या मराठी ग्रुपात दर जूनमध्ये विम्बल्डन महिला एकेरीचा अंदाज भरायची स्पर्धा असते. शुक्रवारी ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार त्याचा कागद) निघतो आणि सोमवारी खेळ सुरू व्हायच्या आत सगळा तक्ता भरून द्यायचा, पहिल्या फेरीपासून थेट विजेतीपर्यंत. माझी लेक शाळकरी, जन्म इथलाच. तिच्या तक्त्यात एम्मा रॅडुकानू कायम फायनलला आणि केटी बोल्टर निदान उपांत्यपूर्व फेरीत. मग निकाल लागायला लागले की घरात सुतक.

माझं म्हणणं असं की रॅडुकानूचं नशीबच खोटं आहे. २०२५ चं बघा ना. ऑस्ट्रेलियन ओपनला तिसऱ्या फेरीत श्वियाँटेक, फ्रेंचला दुसऱ्याच फेरीत पुन्हा श्वियाँटेक, विम्बल्डनला तिसऱ्या फेरीत सबालेन्का, यूएस ओपनला तिसऱ्या फेरीत रायबाकिना. चारही वेळा ग्रँड स्लॅम जिंकलेली बाईच पुढ्यात! आमचे अहो म्हणतात, "नशीब वगैरे काही नाही, गणित आहे." पण ते गणित काय, हे त्यांनाही सांगता येत नाही.

तर प्रश्न: हे खरंच दुर्दैव आहे का? तिला ३२ च्या आतलं मानांकन (क्रमवारी बघून वरच्या ३२ जणींना ड्रॉमध्ये देतात तो क्रमांक) असतं तर ही संकटं टळली असती का? आणि तिच्याशिवाय कुठल्या ब्रिटिश मुलीवर पैज लावावी?

बाकावरचा_प्रेक्षक

लेकीला मनासारखा तक्ता भरू द्या हो. तुमच्या ग्रुपातले काका लोक तरी कुठे आकडेमोड करून भरतात?

(उत्तर माहीत नाही, पण धागा वाचनखुणेत टाकला आहे.)

नेटजवळचा_नाना

मावशी, या वादात अहोंची बाजू बरोबर आहे.

ड्रॉचा कागद घ्या आणि पेन्सिलीने दर आठ नावांखाली रेघ मारा. १२८ नावांचे १६ कप्पे होतील. कप्प्यातली एकच मुलगी चौथ्या फेरीत जाते, म्हणजे तिसऱ्या फेरीपर्यंतचं सगळं नाटक या आठ जणींतच. आता प्रत्येक कप्प्यात मानांकित बरोबर दोन असतात, एक पहिल्या ओळीवर, एक शेवटच्या. आणि त्या दोघी कशाही येत नाहीत. १ ते ८ मानांकनवालीच्या कप्प्यात दुसरी नेहमी २५ ते ३२ मधली. ९ ते १६ वालीच्या कप्प्यात दुसरी १७ ते २४ मधली.

म्हणजे काय झालं? बिगरमानांकित ९६ जणी, दर कप्प्यात सहा. त्यातल्या निम्म्या मुलींच्या कप्प्यात पहिल्या आठातली कोणीतरी बसलेली असतेच. उरलेल्या निम्म्यांना ९ ते १६ मधली. तिसऱ्या फेरीपर्यंत मोठं नाव भेटणं हा अपघात नाही, कागदाची रचनाच तशी आहे. पहिल्याच फेरीत कुठलीतरी मानांकित समोर यायची शक्यतासुद्धा तीनात एक.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो जास्त मजेदार आहे. विम्बल्डन २०२५ मधला रॅडुकानूचाच कप्पा काढा. वर अव्वल मानांकित सबालेन्का. दुसरी मानांकित कोण होती? ३२ वी, मॅकार्टनी केसलर. तिला पहिल्याच फेरीत व्होंद्रूशोव्हाने घालवलं, आणि व्होंद्रूशोव्हाला दुसऱ्या फेरीत रॅडुकानूने ६-३, ६-३. म्हणजे रॅडुकानू जिंकत जिंकत ज्या खुर्चीत जाऊन बसली ती ३२ व्या मानांकितचीच खुर्ची. ऑस्ट्रेलियात तर पहिल्या फेरीत तिने स्वतःच २६ व्या मानांकित अलेक्झांड्रोव्हाला हरवलं, पुढे त्याच कप्प्यात दुसरी मानांकित श्वियाँटेक.

थोडक्यात, २५ ते ३२ मानांकन मिळालं तर पहिल्या दोन फेऱ्या सुसह्य होतात, पण तिसऱ्या फेरीत पहिल्या आठातलीच राखून ठेवलेली असते (ती आधीच हरली नाही तर). उलट बिगरमानांकितला निम्मा चान्स तरी असतो तिला चुकवण्याचा! खरा फरक पडतो तो २४ च्या आत गेल्यावर, आणि १६ च्या आत गेल्यावर आणखी.

रीडिंगकर_मावशी

नाना, हे इतकं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. अहोंना वाचून दाखवलं, ते आता दिवसभर मिशीत हसत फिरतायत.

पण लेकीने ताबडतोब शेरा मारला: "२०२१ ला ती क्वालिफायर म्हणून, म्हणजे पात्रता फेरी खेळून आत येऊन, यूएस ओपन जिंकली, तेव्हा हे गणित कुठे गेलं होतं?" काय सांगू तिला?

नेटजवळचा_नाना

सांगा की शंभर टक्के बरोबर प्रश्न आहे. पात्रता फेरीचे तीन आणि मुख्य ड्रॉचे सात असे दहा सामने, एकही सेट न गमावता. क्रमवारी होती १५०. असा तक्ता आधी भरणारा माणूस भेटला तर त्याचे पाय धरा.

तरी कागद तिथेही बोलतो. चौथ्या फेरीत अव्वल मानांकित बार्टी समोर येणार होती, पण तिला आदल्या फेरीत शेल्बी रॉजर्सने बाहेर काढलं. मग रॅडुकानूने रॉजर्सला ६-२, ६-१. पहिली मानांकित तिला भेटली ती थेट उपांत्यपूर्व फेरीत, बेन्चिच, ११ वी.

बेसलाइन_बाई

नानांचं गणित पटलं, पण सगळं ड्रॉवर ढकलू नका. ऑस्ट्रेलियात श्वियाँटेककडून ६-१, ६-०, पॅरिसला ६-१, ६-२, न्यूयॉर्कला रायबाकिनाकडून ६-१, ६-२. हे काय चौथ्या फेरीत झालं असतं तर वेगळं झालं असतं? एक फेरी उशिरा, एवढंच. मोठ्या पल्ल्याच्या बायका तिला श्वास घेऊ देत नाहीत, हा खेळाचा प्रश्न आहे.

अपवाद फक्त विम्बल्डनचा. सबालेन्काविरुद्ध पहिल्या सेटमध्ये तिने सात सेट पॉइंट (एक पॉइंट गेला की सेट गेला, अशा वेळा) वाचवले, टायब्रेकमध्ये एक सेट पॉइंट स्वतः मिळवला, दुसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होती. आणि तरी ७-६, ६-४ ने हरली. त्या रात्री आमच्याकडे भाजी करपली. गवतावर तिला एक फेरी जास्त द्या, इतर ठिकाणी नको.

तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: सोनाय कार्तल. ब्रायटनची मुलगी, २०२५ ला विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत पोचलेली एकमेव ब्रिटिश महिला. आणि तिचा रस्ता बघा. पहिल्या फेरीत २० वी मानांकित ओस्टापेंको, म्हणजे ड्रॉ पाहून सगळ्यांनी कपाळाला हात लावला असणार. ती जिंकली, आणि कप्प्यातली दुसरी मानांकित, १२ वी श्नायडर, तिला पॅरीने परस्पर घालवलं. पुढे टोमोव्हा आणि पॅरी, दोघी सरळ सेटमध्ये. चौथ्या फेरीत पावल्युचेन्कोवाकडून हरली. त्या सामन्यात लाइनचं यंत्रच बंद पडलं होतं, आउट गेलेला चेंडू कोणी आउट दिला नाही आणि पॉइंट पुन्हा खेळवला. रेषेवरची माणसं काढून टाकली त्याच वर्षी हे व्हावं! फायदा कार्तलला झाला, तरी सेट गेलाच.

केटी बोल्टरचं नेमकं उलटं. पहिल्या फेरीत नववी मानांकित बडोसा, सेंटर कोर्टवर तीन सेटमध्ये हरवली. रस्ता मोकळा. दुसऱ्या फेरीत समोर सोलाना सिएरा, पात्रता फेरीत हरून लकी लूझर म्हणून आत आलेली. पहिला सेट जिंकून बोल्टर पुढचे दोन ६-२, ६-१ असे हरली. पुढे सिएराला बुक्शा भेटली, तीही बिगरमानांकित. चौथी फेरी हातात होती हो! म्हणून बोल्टरला नॉटिंगहॅममध्ये न्या वाटेल तिथवर, २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी जिंकलीय. विम्बल्डनला तिसऱ्या फेरीच्या पुढे नेऊ नका.

बाकावरचा_प्रेक्षक

आणि वाइल्ड कार्डवाल्या, म्हणजे क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी थेट आत घेतलेल्या? त्यांची नावं तर ढीगभर असतात.

बेसलाइन_बाई

२०२५ ला आठ वाइल्ड कार्डांपैकी सात ब्रिटिश मुलींना गेली, आठवं क्विटोव्हाला. सातच्या सात पहिल्या फेरीत बाद. त्यातली मिमी शू तर रॅडुकानूच्याच पुढ्यात आली, म्हणजे एक ब्रिटिश जाणारच होती. दुसरी फेरी फक्त तिघींनी पाहिली, क्रमवारीवर आत आलेल्या तिघींनी.

फ्रान्सेस्का जोन्सवर मात्र डोळा ठेवा. जन्मतः दोन्ही हातांना चार-चारच बोटं, पायांना मिळून सात, आणि तरीही २०२५ मध्ये पहिल्या शंभरात पोचली. अशी मुलगी वाइल्ड कार्डाशिवाय आत आली की तिला नियम वेगळा.

रीडिंगकर_मावशी

लेकीशी तह झाला. रॅडुकानूच्या कप्प्यात पहिल्या आठातली निघाली तर तिसरी फेरी, नाही निघाली तर चौथी. कार्तल कुठेही पडो, तिसरी. वाइल्ड कार्ड सगळी पहिल्या फेरीत, त्यावर तोंड वाकडं झालंय, पण एक नाव निवडून दुसऱ्या फेरीत न्यायची मुभा दिलीय.

एकच अडलंय. दोन ब्रिटिश एकाच कप्प्यात आल्या तर?

नेटजवळचा_नाना

बिगरमानांकित असतील तर देश बघून त्यांना वेगळं करत नाहीत, नाव निघेल तिथे बसवतात. तेव्हा क्रमवारीत वरची असेल तिला पुढे काढा. आणि शुक्रवारी ड्रॉ लागला की कप्पे इथेच चिकटवा, कामावरून आलो की बघतो.