मदत हवी आहे : अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी एकमेकांना सौजन्याने लिहावे यासाठी काय करता येईल?

नमस्कार. मी एका ऑनलाइन अभ्यासक्रमात प्राथमिक संख्याशास्त्र शिकवते. अभ्यासक्रम १२ आठवड्यांचा असून विद्यार्थी ४६ आहेत. तासाबाहेरच्या शंकांसाठी एक सामायिक गट आहे आणि माझी अडचण त्या गटातल्या लिहिण्याची आहे.

पाचव्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने तिथे विचारले की, नमुन्यावरून प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) काढताना एकूण नोंदींच्या संख्येने न भागता तिच्याहून एकने कमी संख्येने का भागायचे. काही मिनिटांतच एका विद्यार्थ्याचे उत्तर आले, "हे दुसऱ्या टिपणात दिले आहे. आधी वाचत जा, मग विचार." त्याखाली चौघांनी अंगठे उमटवले. पाव तासात तिने प्रश्न काढून टाकला आणि रात्री मला मेल केली, "मॅडम, यापुढे शंका थेट तुम्हालाच विचारल्या तर चालेल का?"

मी ते टिपण उघडून पाहिले. त्यात सूत्र होते, कारण नव्हते. सरासरी त्याच नमुन्यातून काढलेली असते, त्यामुळे नोंदी तिच्याभोवती जितक्या जवळ दिसतात तितक्या त्या मूळ समूहाच्या सरासरीभोवती नसतात. विचलन कमी भरते आणि ती तूट भरून काढण्यासाठी भाजक एकने कमी करतात. हे तिला कोणीच सांगितले नाही. संपूर्ण सत्रात विचारल्या गेलेल्या चांगल्या प्रश्नांपैकी एक प्रश्न अशा रीतीने गटातून नाहीसा झाला, याचे मला फार वाईट वाटते.

त्या विद्यार्थ्याला वाईट ठरवण्याची माझी इच्छा नाही. प्रत्यक्ष तासाला तोच मुलगा मागे पडलेल्यांना शांतपणे समजावून सांगतो. मी फोन केला तेव्हा तो मनापासून गोंधळला होता. "मी फक्त उत्तर कुठे आहे ते सांगितले," असे तो म्हणाला आणि माझा त्यावर विश्वास आहे.

सुरुवातीलाच मी १४ नियमांची यादी लावली होती. सगळ्यांनी ती वाचल्याची खूण केली, पण पुढे कोणालाही ती आठवल्याचे दिसले नाही. या प्रसंगानंतर मी गटातच नाव न घेता समज दिली, तर त्यानंतर आठ दिवस तिथे कोणी काहीच लिहिले नाही. चुकीला चूक म्हणणारी मोकळी चर्चा मला हवी आहे. केवळ गोड बोलणारा, पण गप्प गट नको आहे. सौजन्यासाठी गुण ठेवावेत का? निनावी प्रश्नांची सोय द्यावी का? आणि जे बिघडले आहे ते आता कसे सावरावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याचा गोंधळ खरा असावा. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, आपल्या मेलमधला सूर, विशेषतः उपरोध, वाचणाऱ्याला जितका कळेल असे लिहिणाऱ्याला वाटते, त्याहून तो बराच कमी कळतो. लिहिताना आपला आवाज आपल्या कानात असतो. समोरच्यापर्यंत पोहोचतात ती नुसती अक्षरे. म्हणून नियमांपेक्षा सराव उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. मी दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा तुटक वाक्ये देतो (खऱ्या विद्यार्थ्यांची कधीही नाही) आणि आशय जराही सौम्य न करता ती पुन्हा लिहायला सांगतो. "आधी वाचत जा" याचे एका विद्यार्थिनीने "दुसऱ्या टिपणात सूत्र आहे, ते पाहूनही अडले तर नेमके कुठे अडते ते लिही, मिळून पाहू" असे केले होते. माहिती तीच राहिली आणि दार उघडे राहिले.

आपल्या भाषेची एक बाजू परक्या नियमावल्यांत सापडत नाही. ऑनलाइन शिष्टाचाराच्या ऑक्टोबर १९९५ च्या प्रसिद्ध मार्गदर्शक टिपणात, म्हणजे आर.एफ.सी. १८५५ मध्ये, सगळी अक्षरे मोठ्या लिपीत (इंग्रजी कॅपिटलमध्ये) लिहिणे म्हणजे ओरडणे, असे बजावले आहे. देवनागरीत मोठी लिपीच नाही. आपल्याकडे आवाज चढतो तो "तू" आणि "तुम्ही" यांत, आज्ञार्थात आणि "एवढेही" यासारख्या शब्दांत. अनोळखी सहाध्यायाला गटात "तू" म्हणायचे की "तुम्ही", हे पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे. त्याच टिपणातला, रागाच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबून मग पाठवावे हा सल्ला मात्र कोणत्याही लिपीत लागू पडतो.

सौजन्याला गुण देऊ नयेत. विद्यार्थी गुणांपुरते "छान प्रश्न" लिहू लागतात. दुसऱ्याची शंका फेडणाऱ्या उत्तराला गुण द्यावेत. निनावी सोय द्यायची असेल तर नाव सहाध्यायांपासून झाकलेले, पण शिक्षकाला दिसणारे असावे आणि ती प्रश्नांपुरतीच असावी. नाव झाकले की माणसाचा आवर सुटतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच सविस्तर मांडले आहे. समज द्यायची झाल्यास ती खासगीत द्यावी. गटात नाव न घेता दिलेली समज प्रत्येकाला आपल्यालाच दिल्यासारखी वाटते. तुमच्याकडची आठ दिवसांची शांतता बहुधा त्यातूनच आली.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. शेवटचा मुद्दा मला लागला, कारण मी स्वतः जे लिहिले त्याचा सूर मी तपासलाच नव्हता. तो प्रश्न सोमवारी मी माझ्या नावाने गटात विचारणार आहे, आणि पहिल्यांदा शिकताना तो मलाही कळला नव्हता, हेही सोबत लिहिणार आहे, कारण ते खरे आहे. त्या विद्यार्थ्याला उत्तर लिहिण्याची विनंती खासगीत केली असून त्याने ती मान्य केली आहे. एकच शंका उरते : प्रश्न मुळात जिचा आहे, तिला आधी विचारावे, हे तर नक्की, पण तिने नको म्हटले, तर तोच प्रश्न वेगळ्या उदाहरणाने मांडणे योग्य ठरेल का?