मदत हवी आहे: बूगी फंकचा बेस आणि किक जुळत नाहीत

राम राम मंडळी. मी जळगावचा. सात वर्षं घरीच हिप हॉपचे बीट करतोय, अहिराणीत रॅप करणाऱ्या पोरांसाठी. ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), जाड किक (ड्रमचा खालचा ‘धप्’ ठोका), विषय संपला. आता १९८०-८३ च्या बूगीचं वेड लागलंय. डिस्कोनंतरचा तो प्रकार, ज्यात बेस, म्हणजे खालचे जाड सूर, बहुतेक सिंथेसायझरवरच वाजायला लागला. टेम्पो ११२ धरलाय.

अडचण अशी की सिंथ बेस आणि ८०८ या ड्रम मशीनची किक ६० हर्ट्झच्या आसपास एकमेकांच्या उरावर बसतात. हेडफोनवर झकास, मित्राच्या गाडीत नुसती घरघर. साइडचेन केलं (किक वाजली की बेस आपोआप दबतो) तर बेसला उचकी लागल्यासारखं वाटतं. किक आखूड करू, की बेस एक सप्तक वर नेऊ?

दुसरं, हाय-हॅटला ५६ टक्के स्विंग दिला (मधले ठोके जरा उशिरा टाकले) की ‘काय करी ऱ्हायना रे भो’ ही रॅपमधली ओळ तालाच्या पुढे पळते. परत टेक घ्यायचा म्हणजे कूलर बंद करायचा. मे महिन्यात. जळगावात. समजून घ्या.

भुसावळ-धुळ्याकडे कुणी खरी बेस गिटार वाजवणारा आहे का? लग्नाच्या बँडमधला असला तर उलट बरंच.