३५ आठवड्यांचं, २.१ किलोचं बाळ अंगावर दोन मिनिटांत झोपतंय : बोंडल्यानं किती आणि कसं पाजायचं?

करवीर_पश्चिम (प्रश्न)

मुलगी ३५ आठवडे पूर्ण होऊन झाली. जन्माचं वजन २१०० ग्रॅम. सहाव्या दिवशी घरी सोडलं. आज नववा दिवस, आरोग्य केंद्रातल्या काट्यावर वजन २०१०. अंगावर घेतली की चार-सहा घोट घेते आणि झोपते. उठवलं नाही तर चार-साडेचार तास झोपून राहते. शू २४ तासांत ५ वेळा, रंग पिवळसर गडद. शी दोनदा. आईला दूध भरपूर आहे, छाती दगडासारखी होतेय.

घरात तीन मतं आहेत. एक, बाटली सुरू करा. दोन, म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून द्या. तीन, झोपतेय म्हणजे पोट भरलंय. हुपरीचं चांदीचं बोंडलं (चोचीची छोटी वाटी) आलंय, ते वापरावं का? एका वेळी किती दूध द्यायचं? दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकतं?

शिशुविभाग_रात्रपाळी

तिसरं मत सगळ्यांत धोक्याचं आहे, म्हणून आधी त्याचं. ३५ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखंच असतं, पण ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ अजून पक्का बसलेला नसतो आणि ताकद लवकर संपते. ती झोपते ते दमून. पोट अर्धं रिकामंच राहतं. कमी दूध गेलं की सुस्ती वाढते आणि सुस्त बाळ आणखी कमी ओढतं. हे चक्र दोन-तीन दिवसांत बाळाला परत दवाखान्यात नेतं. नवव्या दिवशी शू ५ वेळा आणि गडद, म्हणजे दूध कमी पडतंय. पाचव्या दिवसानंतर निदान ६ वेळा, फिकट रंगाची शू हवी. आज नाहीतर उद्या सकाळी बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, पिवळेपणाही तपासून होईल. तळहात-तळपायापर्यंत पिवळं दिसत असेल तर उद्याची वाट बघू नका. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावरचा उपचार नाही.

आता हिशेब. पहिल्या दिवशी साधारण ६० मिली प्रति किलो, मग वाढवत आठवड्याअखेर १५० मिली प्रति किलो. जन्माचं वजन परत येईपर्यंत हिशेब जन्माच्या वजनावरच करायचा. २.१ गुणिले १५०, म्हणजे दिवसाला ३१५ मिली. दर तीन तासांनी दिलं तर एका वेळी ४० मिली, दर दोन तासांनी दिलं तर २६. नंतर डॉक्टर हे १८० मिली प्रति किलोपर्यंत नेऊ शकतात.

प्रत्येक वेळी क्रम असा ठेवा. मागचं दूध पाजायला सुरू केलं तिथून तीन तास झाले की उठवायचं, रात्रीसुद्धा. दुपटं सोडा, लंगोट बदला, तळपाय चोळा, पाठीवरून बोट फिरवा. मग अंगावर १५ मिनिटं. ओढणं थांबलं की आईनं छाती हातानं हलकेच दाबून धरायची, दूध तोंडात आलं की बाळ पुन्हा गिळायला लागतं. त्यानंतर काढलेलं दूध बोंडल्यानं. गिळण्याचा आवाज येत आठ-दहा मिनिटं प्याली असेल तर २० मिली वरून पुरे. दोन मिनिटांत झोपली असेल तर पूर्ण ४०. आणि मग आईनं पुढच्या वेळेसाठी दूध काढायचं. सगळं मिळून तासाभरात आटपायला हवं, नाहीतर बाळंतिणीला झोपच मिळत नाही. म्हणून काढणं आईकडे आणि बोंडल्यानं पाजणं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे अशी वाटणी करा.

अंगावर घेताना काखेखालून धरलं (बाळाचे पाय आईच्या पाठीकडे, मान आईच्या तळहातात) तर लहान बाळाला सोपं जातं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि टोकाभोवतीचा काळा भाग ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसायला हवा. नुसतं टोक तोंडात गेलं तर दूध येत नाही आणि आईला चिरा पडतात.

उपनगर_परिचारिका

वरच्या प्रतिसादाशी सहमत. बोंडल्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण चुका तिथेच होतात.

हुपरीचं काम सुंदर असतं, पण चोचीच्या आतला डाग दिलेला सांधा बोटानं पुसता येत नाही. तिथे दुधाची साय बसते आणि जंतू वाढतात. बारशाला ठेवा. रोजच्या वापराला आतून गुळगुळीत, रुंद तोंडाचं स्टीलचं बोंडलं घ्या, निदान दोन. वापरल्या-वापरल्या आधी गार पाण्यानं विसळायचं (गरम पाणी आधी घातलं तर दूध चिकटतं), मग साबण-ब्रश, मग पाणी उकळायला लागल्यावर १० मिनिटं. झाकण तसंच ठेवून निववा. कापडानं पुसू नका.

पाजताना बाळ जागं हवं, ही पहिली अट. अर्धवट बसतं धरा, डोकं-मान तुमच्या हातात, हात दुपट्यात. बोंडलं अर्धंच भरा. चोच खालच्या ओठावर, तोंडाच्या कोपऱ्याजवळ टेकवा आणि दूध ओठाला लागेल इतकंच कलतं करा. बाळ जीभ काढून ओढून घेतं. घशात ओतायचं नाही. ओतलं की ठसका लागतो आणि दूध श्वासनलिकेत जातं. गिळलं की थांबा, दोन श्वास होऊ द्या, मग पुढचं. ओठ निळसर झाले, नाकपुड्या फुलल्या किंवा दूध ओठांतून गळू लागलं तर ताबडतोब थांबून बाळाला उभं धरा. रडणाऱ्या आणि झोपलेल्या बाळाला बोंडलं लावायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत संपलं नाही तर तिथेच थांबा, आणि असं सलग दोन वेळा झालं तर डॉक्टरांकडे. उरलेलं दूध परत भांड्यात ओतू नका.

मोजण्यासाठी चमचा नको, घरोघरचे चमचे वेगळे. सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घेऊन बोंडल्यात मोजून घाला. सिरिंजनं थेट तोंडात पिचकारी मात्र मारू नका.

बाटली नको म्हणते त्याला दोन कारणं आहेत. निपल उलटं केलं की दूध आपोआप टपकत राहतं, थकलेल्या बाळाला ते थांबवता येत नाही. आणि निपलची भोकं, गळ्याचे खाचे घरी नीट निर्जंतुक होत नाहीत.

गंगावेस

म्हशीच्या दुधाबद्दल. कोल्हापुरात धारोष्ण दुधाचं कौतुक तालमीतल्या पोराला शोभतं, नवजात बाळाला ते चालत नाही. आईच्या दुधात प्रथिनं साधारण १ टक्का, म्हशीच्या दुधात चौपटीच्या आसपास, क्षारही कितीतरी जास्त. मूत्रपिंडं कोवळी असताना तो भार झेपत नाही. पाणी घातलं तर प्रथिनं अजून जास्तच राहतात, पण ज्यानं वजन वाढायचं ती स्निग्धता पातळ होते. शिवाय पाण्यातून जुलाब. वजन २.१ किलो असताना दोन दिवसांचे जुलाब जिवावर बेततात.

मध, साखरपाणी, गुटी, ग्राइप वॉटर, यातलंही काही नाही. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम (जंतूंच्या विषानं होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली गुटी कितीही स्वच्छतेनं केली तरी ती निर्जंतुक नसते, आणि तेवढी पोटातली जागा दुधाची जाते.

उपनगर_परिचारिका

दूध काढण्याचं राहिलं होतं. छाती दगडासारखी झालीय, म्हणजे आज काढलंच पाहिजे. नाहीतर गाठी होतील आणि दूधही आटायला लागेल. आधी पाच मिनिटं कोमट ओला टॉवेल, बोटांनी गोल चोळायचं. मग अंगठा वर, तर्जनी खाली, टोकापासून तीन-चार सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडा. बोटं कातडीवर घासत पुढे ओढायची नाहीत, त्यानं सोलवटतं. पहिली मिनिट-दीड मिनिट थेंबच येतात, घाबरू नका, पान्हा सुटला की धार लागते. एका बाजूला तीन-चार मिनिटं, मग दुसरी, असं आलटून पालटून २० ते ३० मिनिटं. दिवसात ८ वेळा, त्यातलं एक मध्यरात्रीनंतर, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं.

मेडिकलमध्ये रबरी फुग्याचा भोंग्यासारखा पंप मिळतो, तो घेऊ नका. दूध फुग्यात शिरतं आणि तो आतून धुता येत नाही.

स्टीलच्या झाकणाच्या वाटीत घरातल्या तापमानाला ४ तास, त्याहून जास्त नाही. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, दारात नाही, २४ तास. एवढ्या लहान बाळाला याहून शिळं देऊ नये. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. कोमट करताना वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय आली तर वाटी हलकेच फिरवून मिसळा. ती काढून टाकू नका, वजन त्यानंच वाढतं.

शिशुविभाग_रात्रपाळी

एक जोड. गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही, हे घरात लक्षात येत नाही. हाताच्या मागच्या बाजूनं पोट आणि तळपाय बघा. पोट ऊबदार, पाय गार, म्हणजे थंडी लागतेय. दोन्ही गार असेल तर तातडी. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं. कोल्हापूरच्या पावसात दुपटी दमट राहतात, इस्त्री फिरवूनच वापरा. शेगडी-धुरीपेक्षा कांगारू पद्धत कितीतरी चांगली: फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालून बाळाला छातीवर उभं, बेडकासारखे पाय पसरून, वरून शाल बांधून. जितके तास जमेल तितके, बाबा किंवा आजीही धरू शकतात. आंघोळ आणि जोरकस मालीश वजन अडीच किलो होईपर्यंत थांबवा, कोमट पाण्यानं पुसून घेणं पुरे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना नाका-कानात तेल घालू देऊ नका.

वजन नेहमी उघड्या अंगानं, त्याच काट्यावर. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायला हव्यात, काटा आणि तापमापक त्यांच्याकडे असतो.

दूध पूर्ण सोडणं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, झटके, ताप ३७.५ किंवा त्याहून जास्त, तापमान ३५.५ च्या खाली, हलवलं तरच हालचाल: यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. सीपीआरसारख्या (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे.

करवीर_पश्चिम

त्याच दिवशी दाखवलं. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) तपासलं, दिव्याखाली ठेवायची गरज पडली नाही. तीन तासांनी उठवून अंगावर आणि मग बोंडल्यानं ४०. आज बारावा दिवस, २१०५ ग्रॅम. शू ८ वेळा, फिकट. बोंडलं कधी कमी करायचं?

शिशुविभाग_रात्रपाळी

तीन दिवसांत ९५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३० च्या वर. अगदी हवं तसं. पण आज ती ३६ आठवडे ५ दिवसांची आहे, घाई करू नका. साधारण ३८ आठवड्यांपासून ओढणं जोरदार होतं. अंगावर १० मिनिटं गिळण्याचा आवाज येत प्यायली की मग बोंडल्यानं द्यायचं दूध प्रत्येक वेळी ५ मिलीनं कमी करा, दिवसाच्या वेळी आधी, रात्रीचं तसंच. दोन दिवसांनी वजन करा. वाढ दिवसाला २५ च्या खाली आली तर मागच्या मापावर जा. दूध काढणं मात्र बोंडलं पूर्ण सुटेपर्यंत चालू ठेवा. आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले असतील तर बाटलीवर १ मिलीत ४०० युनिट आहेत की ८०० ते वाचा, ब्रँड बदलला की मापही बदलतं.