पन्नासपर्यंत म्हणते, पण सात संत्री देत नाही

मोर्शीची मावशी
बहिणीची लेक साडेचार वर्षांची. पाहुणे आले की तिला मधात उभं करतात, ती एका दमात पन्नासपर्यंत म्हणते, टाळ्या होतात. परवा म्हटलं, टोपल्यातली सात संत्री आण. कवेत मावली तेवढी घेऊन आली. मग पाच चिंचोके पुढ्यात मांडले. बोट एका चिंचोक्यावर, तोंड त्याच्या पुढं, सहा भरले. "मग किती आहेत?" विचारलं तर परत एकपासून सुरू! माझं म्हणणं सरळ आहे: अंगणवाडीत काय, घरी काय, ही घोकंपट्टी बंद करा. आधी वस्तू, आकडे म्हणणं मागाहून.

रिटायर गुरुजी
बंद करा म्हणणं सोपं हाय ताई. मराठीतले आकडे पाहा जरा. एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस, एकाचा घाट दुसऱ्याले नाही. एकोणतीस म्हणजे तिसाले एक कमी, त्यात नऊ ऐकूच येत नाही. बोलताना एकक आधी, लिहिताना दशक आधी. 2019 मधी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' आलं तर केवढा गदारोळ झाला, आठवते ना? हे शब्द तोंडात बसल्याबिगर लेकरू मोजीन कशानं? आमी वरडून वरडून शिकलो, बजारात कोनं फसवलं नाही.

कोरडवाहू
गुरुजी, शब्द कोणता याचं एवढं काही नसते. आमची आजी पायलीनं ज्वारी मोजताना पहिल्या पायलीला 'एक' कधीच म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन... शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण एक पायली इकडची तिकडे झाली नाही. कारण एक शब्द, एक पायली. तोंड थांबलं की हात थांबे. ते कोणी शिकवलं तिला?

वर्ध्याची बाई (पहिलीला शिकवते)
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि मावशींचं 'बंद करा' मला पटत नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजण्याची तत्त्वं मांडली. त्यातली तीन इथं कामाची: आकड्यांचा क्रम ठरलेला असावा, एका वस्तूला एकच आकडा मिळावा आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या. तुमच्या भाचीला पहिलं येतं. ते वाया गेलेलं नाही, नुसतं एकटं पडलंय.

दुसऱ्या तत्त्वासाठी चिंचोके मांडून ठेवू नका. मोजला की डबीत टाकायला सांगा, म्हणजे एक दोनदा मोजला जात नाही, सुटतही नाही. तिसऱ्यासाठी तुम्हीच आधी बोला: "एक, दोन, तीन. तीन चिंचोके!" आणि "मोज" कमी म्हणा, "मला दोन दे" जास्त. कॅरन विन या संशोधिकेनं असंच मागून पाहिलं. मुलं आधी एक बरोबर देतात, काही महिन्यांनी दोन, मग तीन. त्यानंतर एकदा उमगलं की पुढचं येत जातं. जिला तीनच कळतात तिच्याकडं सात मागणं म्हणजे घाईच.

एक आई, दारव्हा
हे सगळं ठीक आहे बाई, पण आमच्याकडं पहिलीत घेताना शंभरपर्यंत म्हणून दाखव म्हणाले. चिंचोके कोणी विचारले नाहीत. घरी मी कशावर वेळ घालवू?

कोरडवाहू
वेळ कशाला घालवायचा? पंगतीत लेकराच्या हाती पत्रावळी द्या. माणसागणिक एक. मोजायचंही नाही, कमी पडली तर जेवणाराच ओरडते.

मोर्शीची मावशी
बाईंचं ऐकून चार दिवस 'दे'चा खेळ केला. तीन अचूक देते. चार मागितले की मूठभर! 'बंद करा' मागं घेते, पण पाहुण्यांपुढं उभं करणं काही मला आवडत नाही.

रिटायर गुरुजी
आता कशा बोलल्या! पण म्हननं सोडू नका. एकोणतीसनंतर काय म्हनते, ते एक डाव कान देऊन ऐका.

मोर्शीची मावशी
ऐकलं. एकोणतीसनंतर थेट चाळीस. इतके दिवस टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, माझ्यासकट.