फोलिओला मराठीत काय म्हणाल?

चकती: लिनक्सच्या फाइल कॅशवर (डिस्कवरच्या फाइलचा डेटा मेमरीत राखून ठेवतात ती जागा) एक टिपण मराठीत करतेय. मुद्दा असा की लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीपासून (नोव्हेंबर २०२४) एक्सएफएस या फाइल सिस्टिमचा ब्लॉक (डिस्कवरची जागा ज्या मापाने वाटतात तो तुकडा) मेमरीच्या पेजपेक्षा (मेमरी वाटायचा तसाच तुकडा) मोठा चालतो, म्हणजे पेज ४ केबी नि ब्लॉक ६४ केबी असला तरी डिस्क माउंट होते, वापरता येते. मी लिहिलं "पानापेक्षा मोठा ठोकळा". तपासणाऱ्या बाईंनी पानाचं पृष्ठ केलं, ठोकळ्याचा खंड केला आणि फोलिओपाशी (मेमरीतली सलग पेजं एकत्र धरून केलेला गठ्ठा) नुसतंच प्रश्नचिन्ह. काय करू?

अडगळ: बाईंचं पृष्ठ बरोबर आहे. पानाला पाठपोट दोन पृष्ठं असतात, मेमरीच्या पेजला कुठली आलीय मागची बाजू? खंड मात्र नको. ग्रंथाचा खंड पृष्ठापेक्षा मोठा असणारच, मग तुमच्या वाक्यात नवल ते काय राहिलं?

रात्रपाळी: पृष्ठ नको हो, आमच्यात एकाने पेज फॉल्टला पृष्ठदोष म्हटलं तर समोरचा म्हणाला डॉक्टरला दाखवा. पेजच ठेवा. आणि नवल काय ते मी सांगतो. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरच्या मशिनवर ६४ केबीची पेजं, तिथे ६४ च्याच ब्लॉकने फॉरमॅट केलेली एक्सएफएस डिस्क इंटेलवर लावली की माउंटच व्हायची नाही, लॉगमध्ये तक्रार की ब्लॉक ६५५३६ बाइटचा आहे, ४०९६ किंवा त्याहून कमीच चालेल. डेटा धडधाकट, पण वाचायची सोय नाही.

खटपट्या: फोलिओला फर्मा म्हणा की! छापखान्यात १६ पानांचा फर्मा असतो, आणि ४ केबीची १६ पेजं म्हणजे बरोब्बर ६४ केबी. सुटी पानं मोजत बसायचं नाही, अख्खा फर्मा उचलायचा.

रात्रपाळी: १६ चं जुळलं तो योगायोग. फोलिओ एका पेजचाही असतो, २ एमबीचा असला तर ५१२ पेजं. ६४ केबीचा ब्लॉक असेल तर त्या फाइलच्या कॅशमधला फोलिओ किमान १६ पेजांचा हवा, मोठा चालेल, लहान नाही, नाहीतर अर्धा ब्लॉक मेमरीत नि अर्धा बाहेर असला घोळ. आणि ही पेजं मेमरीत सलग लागतात, तिथेच सगळी रड. २००७ साली क्रिस्टोफ लॅमीटरने मोठ्या ब्लॉकसाठी लिनक्सच्या कोडमधले बदल, म्हणजे पॅच, आणले होते, तेव्हा मेमरीचे तुकडे पडतील याच धास्तीवर वाद झाले आणि ते लिनक्सच्या आत गेलेच नाहीत. मॅथ्यू विलकॉक्सचे फोलिओ ५.१६ मध्ये आले, २०२२ च्या जानेवारीत, आणि मग वाट मोकळी झाली.

अडगळ: फर्मा तरी कुठला घरचा, फॉर्मचाच भाऊ तो. आणि फोलिओच्या मुळाशी लॅटिनमधलं झाडाचं पान आहे. म्हणजे पान हा शब्द खरा फोलिओचा, तुम्ही तो पेजला देऊन बसलात!

चकती: मग "पृष्ठापेक्षा मोठा ठोकळा पानात मावतो" असं लिहू? वाचणारा पळून जाईल.

खटपट्या: ठोकळा छानच आहे. पण ६४ चा ब्लॉक सरसकट घेऊ नका, एका ओळीची फाइल ६४ केबी अडवून बसते. बारक्या फायली ढिगाने असतील तर डिस्क बघता बघता भरते.

अडगळ: फायली? फाइली म्हणा.

रात्रपाळी: फाइल्स.

अडगळ: मग पेजं कशाला म्हणता, पेजेस म्हणा ना!