मदत हवी आहे: खानापूरच्या लाल मातीत मेटल डिटेक्टर सतत वाजतोय, सोन्याची वाटी कशी शोधू?

नमस्कार मंडळी,

आमचं शेत खानापूर तालुक्यात, हलशीच्या बाजूला. यंदा रोप लावताना आईच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला. चिखलात वाकून काम चाललेलं, कधी तुटला ते कळलंच नाही. थोडे मणी पदरात अडकले, सासरची वाटी पायाखाली लागली, माहेरची वाटी मात्र गेली. रताळ्याच्या पैशातून आजोबांनी केलेली ती वाटी. आई बोलून दाखवत नाही, पण त्या खाचराकडं जायचं टाळते. आता भात कापून झालंय. नांगर लागायच्या आत वाटी मिळाली तर बरं, नाहीतर माती उलटून ती कुठल्या कुठं जाईल.

म्हापशाच्या मावसभावानं त्याचा डिटेक्टर दिलाय. तो कळंगुटच्या कोरड्या वाळूत फिरवतो. तिथं मशीन गप्प असतं आणि नाणं आलं की नेमकं वाजतं. आमच्याकडं चालू केल्यापासून नुसती किरकिर. माती जांभ्याची, बांधावर सगळीकडं जांभ्याचे खडे, एखाद्या खड्यावरून कॉइल (मशीनची जमिनीवर फिरवायची तबकडी) गेली तरी बोंब मारतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली की शांत होतं, पण मग आईची अंगठी मातीत दोन बोटं पुरली तरी पत्ता लागत नाही. आतापर्यंत निघालं ते बैलाच्या पत्रीचे खिळे, टिलरचं मोडकं पातं आणि औषधाच्या बाटल्यांची अ‍ॅल्युमिनियमची सीलं.

शिवाय तांब्याची दोन नाणी निघाली, हिरवी पडलेली. एकावर वर 'छत्र' आणि खाली 'पति' स्वच्छ वाचता येतं, उलट्या बाजूला 'राजा' तेवढं दिसतं. शिवराईच असणार.

हलशी कदंबांची राजधानी होती, त्यामुळं आमच्या भागात सोन्याच्या हंड्याच्या गोष्टी घरोघरी. बांधावर माणसं थांबून विचारतात, "निधी लागला काय रे?" निधीच्या नादानं रात्री वीरगळ उपटून खाली खणणारे लोक असतात. त्यांच्या रांगेत मला बसायचं नाही. मला फक्त वाटी पाहिजे.

तर या मातीसाठी मशीन कसं लावायचं? आणि नाण्यांचं काय करायचं? यूट्यूबवर सगळे 1878 चा निधी कायदा (जमिनीत सापडलेल्या धनाचा) सांगतात, पण आमचा सातबारा महाराष्ट्राचा नाही, आमचा कर्नाटकाचा उतारा. आम्हाला तोच लागू होतो का?

निपाणीकर:
भाऊ, मशीन बिघडलेलं नाही. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं खच्चून भरलेली, त्यातली काही चुंबकीय असतात. मशीनला अख्खी जमीनच धातू वाटते. बीच मोड असेल तर आधी तो बंद करा, तो खाऱ्या ओल्या वाळूसाठी असतो. मग धातू नाही अशी जागा बघून कॉइल जमिनीजवळ वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला त्या मातीची सवय लावा. कॉइल वर नेताना आणि खाली आणताना आवाज सारखा आला पाहिजे. खाचर बदललं की पुन्हा करायचं. सेन्सिटिव्हिटीला हात त्यानंतर.

फक्त लोखंड वगळा, त्याच्या पुढं डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सेटिंग) वाढवू नका. पातळ सोनं आणि अ‍ॅल्युमिनियमचं सील यांचे मशीनवर दिसणारे आकडे जवळजवळ येतात. सील नको म्हणून ते आकडे बंद केले तर वाटीवरून कॉइल जाईल आणि मशीन गप्प राहील. सीलं उकरत बसावं लागणार, त्याला इलाज नाही.

सासरची वाटी हातात आहे, हे फार मोठं काम झालंय. तिला लांब दोरा बांधा, त्याच खाचरात दोन बोटं पुरा, वरून कॉइल फिरवा, आकडा आणि आवाज ओळखून ठेवा. मग चार बोटं. वाटी जिथवर ऐकू येते तेवढीच तुमची खोली. त्याच्या खालचं शोधायचं तर वरची माती थर काढून बाजूला घ्या आणि पुन्हा फिरवा. चिखलणीत जड वस्तू खाली जाते, पण नांगराखालच्या घट्ट थरावर थांबते. धसकटं जमिनीलगत कापून घ्या, नाहीतर कॉइल उंचावरूनच फिरते. आई कुठल्या ओळीत लावत होती ते तिलाच विचारा आणि तेवढाच पट्टा सुतळीनं आखा.

जुनी नाणी (दुसरे सदस्य):
वाटीचा मालक माहीत आहे, तिचा निधीच्या कायद्याशी संबंध नाही. नाण्यांचं वेगळं. बेळगावला 1878 चा कायदा वाचून भागणार नाही, कर्नाटकाचा 1962 चा स्वतंत्र निधी कायदा आहे. नाणी कुठं, किती खोल मिळाली ते लिहून तहसीलदारांकडं द्या आणि पोच घ्या. अर्ज कन्नडात करा, मराठी प्रत जोडा. तोवर विकू नका. चिंच-लिंबू लावून घासू तर अजिबात नका, साध्या पाण्यानं माती सुटेल तेवढी पुरे.

शिवराई इंग्रजी अमलातही बाजारात चालायची. शेतात सुटी शिवराई मिळते ती कुणाच्या तरी कनवटीची पडलेली, खाली हंडा आहे असा तिचा अर्थ नाही. बांधावरच्या मंडळींना हे जरूर सांगा. मात्र नांगराच्या खाली विटा, खापरं दिसली तर तिथंच थांबा. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहन काळाची वसाहत उजेडात आली ती थराथरानं खणल्यामुळं. नाणं कशाशेजारी होतं हे गेलं की त्याची अर्धी माहिती गेली. आणि हलशीच्या देवळाजवळ मशीन नेऊच नका, संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. ग्राउंड बॅलन्स केल्यावर किरकिर निम्म्यावर आली. सासरची वाटी दोन बोटांवर स्वच्छ वाजते, चार बोटांवर अंधूक. आईनं स्वतः येऊन ओळ दाखवली, पट्टा आखलाय. नाण्यांचा अर्ज शेजारच्या कन्नड शिकलेल्या मुलीकडून लिहून घेतोय. या मशीनची मोठी कॉइल धसकटात अडकते. बेळगाव, खानापूर किंवा नंदगडच्या बाजूला कुणाकडं छोटी कॉइल असेल तर चार दिवसांसाठी भाड्यानं द्याल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन.