मदत हवी आहे: मेंदूच्या व्हिडिओतला नॉइज काढताना चमकही जातेय का?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत घरी बसून एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. डेटा उंदराच्या मेंदूचा, टू-फोटॉन मायक्रोस्कोपचा (जिवंत मेंदूत खोलवरच्या पेशी सक्रिय झाल्या की होणारी चमक टिपणारा), सेकंदाला ३० फ्रेम. वेगात टिपायचं तर प्रत्येक फ्रेमला फोटॉन (प्रकाशकण) कमी मिळतात, म्हणून चित्र आषाढातल्या समुद्रासारखं, नुसतं धूसर; हाच नॉइज.

नॉइज काढणारी २०२१ची डीपइंटरपोलेशन पद्धत म्हणजे एक एआय मॉडेल; ते आधीच्या ३० आणि नंतरच्या ३० फ्रेम बघून मधली फ्रेम कशी असेल याचा अंदाज बांधतं. शिकवायला स्वच्छ नमुना लागत नाही, हे झकास. पण मधली फ्रेम मॉडेलला दाखवतच नाहीत! मग पेशीची क्षणिक चमक पुसली जात असेल का? माझ्या पेशींच्या चमकेच्या आलेखातली शिखरं बुटकी झालीत. मूळ डेटात मुद्दाम खोट्या चमका मिसळून तपासू का? कोणी केलंय? (ट्रेनिंग रात्रीच लावते, पावसात दुपारी लाईटचा भरवसा नाही.)